मशीन वाढवावे

माझा धंदा संशयाचा आहे. बारामतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत बिघाड कसा झाला ते एकाही गिऱ्हाइकानं मला खरं सांगितलेलं नाही. "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं," असं कुणी म्हटलं की मी आधी कीबोर्ड उलटा करते. त्यातून बहुतेक वेळा चहा निघतो. सासूबाई म्हणतात, तुझा चेहराच आता तसा झालाय, हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा तुझ्याकडं बघून उगाच ओशाळतात. असेल. या संशयावर माझं घर चाललंय, त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. एकदा वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या अलीकडं एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. तिथल्या पाणीवापर संस्थेचा कॉम्प्युटर माझ्याकडं सांभाळायला आहे. कालव्याला पाणी सुटलं की त्यातून रानांकडं जाणाऱ्या चारीवरच्या कुठल्या शेतकऱ्यानं कुठल्या वारी, किती वाजता आपल्या रानात पाणी घ्यायचं, ते ही संस्था ठरवते. ते ज्या कागदावर लिहितात त्याला पाळीची यादी म्हणतात. ज्याचं रान चारीच्या तोंडाला आहे त्याला यादी असली काय नि नसली काय, पाणी दारातूनच जातं. ज्याचं रान चारीच्या शेवटाला, म्हणजे टेलला आहे, त्याच्या उसाला मात्र या कागदाशिवाय थेंब मिळत नाही. त्यामुळं यादी लावणाऱ्या माणसावर सगळ्या चारीचा डोळा असतो.

यादीचा प्रोग्रॅम फार जुना. कुणा इंजिनिअरनं पूर्वी हौसेनं करून दिलेला आणि तो माणूस नंतर कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही. नव्या सिस्टिमवर तो प्रोग्रॅम चालत नाही. म्हणून मीच संस्थेच्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नुसता भासाचा कॉम्प्युटर बसवून दिला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दुकान नवं करावं आणि जुनं सामान पोटमाळ्यावर जसंच्या तसं ठेवावं, तशातला प्रकार. संस्थेत सगळे त्याला "आतलं मशीन" म्हणायचे.

आतलं मशीन चालवायचे ते तात्या, संस्थेचे कारकून. तरुणपणी इंदापूरच्या पेठेत एका कापडदुकानात होते, तिथून संस्थेत आले ते निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत बसले. शेतकरी आपसात पाळ्या बदलून घेतात. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाची मोटर जळालेली असते. असा माणूस खिडकीशी यायचा, "तात्या, माजी मंगळवारची पाळी शेजाऱ्याला द्या, त्याची बेस्तरवारची मला," म्हणायचा आणि तात्या तिथल्या तिथं मशीनमध्ये बदल करायचे. अर्ज नाही, सही नाही. मी एकदा म्हटलं, "लिहून घेत जा हो." तर म्हणाले, "कशाला? माणसं शब्द देत्यात की." मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. तात्यांचं स्वतःचं रान चारीच्या अगदी तोंडाला होतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट मी सहसा विसरत नाही.

तात्या निवृत्त झाले आणि दोन दिवसांनी चेअरमनचा फोन आला. "मॅडम, आता सगळं नवं करून टाका. ते मशीन रोज अपडेट मागतंया. आठवड्यात पाणी सुटंल, त्याच्या आत करा."

मी गेले. टेबलाच्या खणात तात्यांनी नव्या माणसासाठी लिहून ठेवलेला कागद होता. सुंदर वळणदार अक्षरात अकरा सूचना. पंखा दोनवर ठेवावा, प्रिंटरचा कागद दमट असतो, झटकून घालावा, अशा. सातवी सूचना होती: "नवीन काही टाकण्याआधी मशीन वाढवावे." ते वाचून मला म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं. मशीनला मेमरी कमी पडते हे मी गेली दोन वर्षं चेअरमनना सांगत होते, ते यांना कळलं होतं. मी पिशवीतून मेमरीची पट्टी काढली, कॉम्प्युटर उघडला, आतली पालीची अंडी काढून टाकली, पट्टी बसवली, मेमरी दुप्पट केली. मग अपडेट सुरू केलं आणि डबा खाऊन घेतला.

अपडेट झालं. बाहेरचं सगळं चकाचक, आणि आतलं मशीन उठेना.

पहिला अडथळा मला ओळखीचा होता. नव्या सिस्टिमनं प्रोसेसरची एक सोय स्वतःच्या सुरक्षेसाठी अडवून ठेवली होती आणि नेमकी तीच आतल्या मशीनला लागत होती. ती मी सोडवली. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, तेही नवं घातलं. तरी पडद्यावर एकच ओळ येत राहिली: साठवलेली अवस्था परत आणता येत नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आतलं मशीन बंद केलेलंच नव्हतं. झोपवलेलं होतं. झोपवलं की मशीन होतं त्या क्षणाला थिजून राहतं, आणि पुन्हा उठवलं की तिथूनच पुढं चालू होतं. पण अपडेटनं त्याच्या भोवतीचं घरच बदललं होतं, आता ते या नव्या घरात उठू शकत नव्हतं.

मी सगळ्या फायलींची आधी एक प्रत काढून घेतली. मग नोंदी बघितल्या. मशीन झोपवलं होतं तात्यांच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचला. आणि प्रोग्रॅममधली यादी डिस्कवर शेवटची उतरली होती तीन महिन्यांपूर्वी. हा जुना प्रोग्रॅम नीट बाहेर पडल्याशिवाय काहीच पक्कं लिहीत नाही. म्हणजे तीन महिन्यांच्या सगळ्या अदलाबदली त्या झोपेत अडकल्या होत्या. झोप टाकून दिली तर मशीन उठलं असतं, पण तीन महिने विसरून.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तीन महिने बंद का केलं नाही?

माझ्या पाठीशी तेव्हा चेअरमन उभे होते आणि टेलच्या शेतकऱ्यांकडून आलेले एक म्हातारे, ज्यांना सगळे आबा म्हणतात. चेअरमननी विचारलं, "काय झालं?"

"मी काही केलेलं नाही," मी म्हटलं. होय, मीच. "शेवटचा हात तात्यांचा आहे. त्यांनी मशीन झोपवून ठेवलंय. यादी आत अडकलीय."

"मुद्दाम?" आबांनी विचारलं.

मला माहीत नाही, एवढं मी म्हणायला हवं होतं. मी खांदे उडवले. "तीन महिने बंद केलेलं नाही. मुद्दाम का कसं, ते त्यांनाच विचारा."

झालं. संध्याकाळपर्यंत चारीवर तोंडापासून टेलपर्यंत "शेवटचा हात तात्यांचा" हे वाक्य पोचलं होतं. जाताजाता त्याला पुढचं वाक्यही आपलं आपण लागलं. अदलाबदली गेल्या तर पाणी पुन्हा तोंडाकडच्यांना आधी, आणि तोंडाला रान कुणाचं?

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर तात्या ऑफिसात उभे होते. त्यांच्या खुर्चीत चेअरमन बसले होते.

"मी काय केलं न्हाय, बाई," तात्या मला म्हणाले.

नेमकं तेच वाक्य. मी नेहमीसारख्या भुवया वर केल्या. "मग तीन महिने बंद का नाही केलं?"

"बंद करायला अर्धा तास, उगडायला अर्धा तास. झोपीवलं की सकाळी लगीच उठतंय. तुमीच शिकीवलं व्हतं."

"शिकवलं असेल. पण अपडेटच्या आधी बंद करावं लागतं."

"त्ये लिवून ठेवलंय की मी."

मी खणातला कागद काढला आणि उभ्याउभ्या वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "यात बंद हा शब्दच नाही, तात्या."

"आसं कसं? बघू द्या." त्यांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला. तोवर चेअरमननी माझ्या हातून कागद घेतला, घडी केली आणि कपाटात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. पुढं लागंल त्यो." तात्या चष्मा हातात धरून तसेच उभे राहिले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पुरावा ज्याच्यावर आळ आहे त्याच्या हातात देत नाहीत, असंच मला वाटलं.

आबा शेवटी म्हणाले, "तात्या, तुमी केलं न्हाय ना? मग नरसिंहपूरला चला. देवाम्होरं हात ठेवून सांगा."

"उद्या सकाळच्या एस्टीनं चला," तात्या म्हणाले. "कोण कोण येतंय?"

आबांना उसाची खुरपणी निघाली. चेअरमनना मीटिंग. मला दुकान. तात्या एकटे गेले. नीरा-भीमेच्या संगमावर आंघोळ करून, देवासमोर शपथ घेऊन, दुपारी उन्हाचे परत आले आणि प्रसादाचा पुडा त्यांनी संस्थेत माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. "घेतली शपथ. प्रसाद घ्या." मी म्हटलं, "ठेवा तिथं." ते गेल्यावर मुंग्या येतील म्हणून पुडा खिडकीत सरकवला. आबा तिथंच होते. म्हणाले, "बगितलं कुणी, घेतली का न्हाय ते?" मी हसले. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. मी हसले.

यादी एकवेळ पुन्हा करता आली असती. सगळ्यांना बसवून, भांडून, तंडून, दोन दिवसांत झाली असती. पण एवढी वर्षं निव्वळ शब्दावर पाळ्या बदलणाऱ्या माणसाचा स्वतःचा शब्द त्या आठवड्यात जात होता, आणि तो कुठल्या प्रतीत साठवलेला नव्हता. हे मला तेव्हा दिसलं नाही. चार दिवस मी बिघाड शोधतच नव्हते, गुन्हेगार शोधत होते. पुसलेल्या फायली धुंडाळल्या, पासवर्ड कधी बदलला ते बघितलं, तात्यांनी रविवारी कॉम्प्युटर का चालू केला होता याचा तासभर विचार केला. काही सापडलं नाही की वाटायचं, चांगलंच लपवलंय. रोज चेअरमन यायचे आणि म्हणायचे, "टाकून द्या ती झोप. तीन महिन्यामागची यादी चालवू." मग मला त्यांचाही संशय यायचा, कारण जुन्या यादीत त्यांच्या मेव्हण्याची पाळी चांगली होती. एवढ्या एका संशयानं मी झोप टाकली नाही. माझ्या स्वभावाचा त्या आठवड्यात झालेला तेवढाच उपयोग.

पाचव्या दिवशी मी बारामतीत दुकानात होते. शेजारी एका काकांचं साड्यांचं दुकान आहे. दुपारी ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "ताई, मी जरा लवकर वाढवतोय आज. पार्सल आलं तर घेऊन ठेवा."

बारा वर्षं ते हेच म्हणतात. मीही सवयीनं "हो काका" म्हटलं. त्यांनी शटर ओढलं, कुलूप घातलं, शटरला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेले. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

दुकान बंद केलं असं दुकानदार म्हणत नाही. बंद होतं ते बुडालेलं दुकान. चालतं दुकान संध्याकाळी वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. माझ्या आईच्या हातातली बांगडी पिचली तर आई आजही फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणते. मी याच भाषेत वाढलेली बाई. पण कागदावर "मशीन वाढवावे" वाचलं आणि मला आठवलं काय, तर मेमरी! कापडदुकानात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आपल्या चालत्या मशीनला "बंद करा" कसं म्हणेल? त्यानं जिव्हाळ्याचा शब्द लिहिला. सातव्या क्रमांकावर, वळणदार अक्षरात, मी करायच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं.

मी माझं दुकान ना बंद केलं ना वाढवलं, नुसती किल्ली काढून स्कूटर काढली. अंथुर्ण्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं अडकले की मी हॉर्न वाजवत होते आणि रडत होते. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

काम साधं होतं. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. अपडेट केल्यापासून दहा दिवसांच्या आत जुन्या सिस्टिमवर माघारी जाता येतं. मी माघारी गेले, मशीन चालवणारं जुनं सॉफ्टवेअर परत घातलं, मेमरीची नवी पट्टीसुद्धा काढून ठेवली. दीड तास गेला. मग आतल्या मशीनला उठवलं आणि ते उठलं. तात्यांनी सोडलं होतं तसंच. शेवटची नोंद आबांची होती. त्यांची रात्रीची पाळी तात्यांनी एका तरण्या शेतकऱ्याशी बदलून दिवसाची करून दिली होती. मी प्रोग्रॅममधून नीट बाहेर पडले, यादी डिस्कवर उतरली, मशीन वाढवलं, आणि यादी छापली.

चेअरमनना आणि आबांना बोलावलं. कपाटातला कागद काढायला लावला आणि सातव्या सूचनेवर बोट ठेवून सांगितलं, "चूक माझी आहे. तात्यांनी बंद करायला सांगितलं होतं. मला वाचता आलं नाही."

चेअरमननी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि मायेनं हसले. "मॅडम, तुमचं मन मोठं हाय. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतलंत."

"सांभाळून नाही घेतलं. खरंच माझी चूक आहे."

"व्हय, व्हय."

आबा यादीत आपली पाळी शोधत होते. सापडली. हात जोडून म्हणाले, "नरसिंव्हानं बरूबर काम केलं. शपथंला गेला नि भ्याला. गुपचूप घातली परत माघारी."

"आबा, प्रसाद ठेवून गेल्यापासून ते या खोलीत आलेलेच नाहीत! मी काढली यादी, आत्ता, तुमच्यादेखत."

"तुमी भल्या घरच्या हाय, बाई. तुमी कशाला कुणाचं नाव घ्याल?"

मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. मी जितकं ओरडून सांगत होते तितकी त्यांच्या नजरेत मी चांगली होत होते. चार दिवसांपूर्वी नुसते खांदे उडवले होते, तेव्हा सगळ्यांचा लगेच विश्वास बसला होता.

तशीच तात्यांच्या घरी गेले. ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. सगळं सांगितलं, वाढवण्याचंही. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं. "आन् त्ये काय म्हनले?" त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं, आबांचं वाक्यसुद्धा गाळलं नाही.

"व्हय. आसंच म्हननार," तात्या म्हणाले. मग पुढची शेंग फोडत, "कागूद मला बगू दिला आस्ता तर तवाच सांगितलं आस्तं." शेंगा माझ्याकडं सरकवल्या. "घ्या की. प्रसाद बी खाल्ला न्हाय तुमी त्या दिवशी."

मी शेंगा खाल्ल्या.

पुढच्या आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पुन्हा पाणी सुटलं तेव्हा, मी प्रिंटर बघायला संस्थेत गेले होते. आता तिथं एक नवी ऑपरेटर बाई आहे, बाहेरगावची, लग्न होऊन आलेली, कामाला चोख. मी खाली वाकून कागद काढत होते तेवढ्यात तिनं एकदम पडदा स्वतःकडं वळवला आणि समोरची वही उलटी केली. दारात तात्या उभे होते. त्यांनी ते बघितलं. आत आलेलं एक पाऊल मागं घेतलं, वळसा घालून खिडकीपाशी गेले आणि बाहेरूनच विचारलं, "बाई, माजी पाळी कधी हाय?"

तिनं वार आणि वेळ सांगितली. "बरं," म्हणून ते गेले. मी टेबलाखाली होते, त्यांना दिसले नाही. बाहेर यायचा मला धीर झाला नाही.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "का झाकलंत?"

"मला काही माहीत नाही हो," ती म्हणाली. "चेअरमननी सांगितलंय, ते आले की झाकायचं. इथं पहिल्यापासून तशीच पद्धत आहे म्हणे."

मी तिला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं, माझ्या खांदे उडवण्यापासून. तिनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि वही खणात ठेवून कुलूप लावलं.